समुद्री सस्तन प्राणी आणि समुद्रपक्षी यांची जीवाश्म हाडे ओळखावीत कशी?

प्राचीन समुद्रतळाचा थर जेथे उघडा पडलेला असतो, तेथे पहिल्यांदा जाणाऱ्याची नजर बहुधा दोनच गोष्टींवर खिळते: शार्क माशाचे चकाकणारे दात आणि देवमाशाचे भलेमोठे मणके. दात लगेच उचलले जातात, मणक्यांची छायाचित्रे निघतात, आणि ज्या दोन-तीन इंचांच्या बेढब तुकड्यावरून प्राण्याचे कुळ नक्की ठरले असते, तो तुकडा मात्र खडा समजून ओलांडला जातो. सील, समुद्रगाय, डॉल्फिन, पेंग्विन किंवा ऑक (उत्तर गोलार्धातला पंखांनी पोहणारा समुद्रपक्षी) यांची ओळख मोठ्या हाडांपेक्षा अशा लहान आणि घट्ट हाडांतच अधिक टिकून राहते. जीवाश्मस्थळी अभ्यासासाठी किंवा स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांना ती कशी शोधावीत, कशी नोंदवावीत आणि कशी ओळखावीत, हे येथे सांगितले आहे.

आधी थर, मग हाड

हाडांनी भरलेला थर दिसला म्हणजे तेथे एखाद्या दिवशी मोठा संहार झाला, असे मानण्याची घाई करू नये. कॅलिफोर्नियातील बेकर्सफिल्डजवळच्या शार्कटूथ हिल येथील मायोसीन काळातील (सुमारे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) थरात दर चौरस मीटरला सरासरी २०० च्या आसपास हाडे सापडतात आणि त्यांत देवमासे, अॅलोडेस्मस नावाचा सीलसारखा प्राणी, कासवे, पक्षी असे सारेच मिसळलेले असते. एकेकाळी या दाटीमागे ज्वालामुखीचा उद्रेक किंवा विषारी शैवाल अशी कारणे सुचवली गेली होती. परंतु २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की, त्या समुद्रतळावर सुमारे ७ लाख वर्षे गाळ फारच थोडा साचत होता आणि त्यामुळे नेहमीच्या मृत्यूंची हाडे एकाच पातळ थरात जमत गेली. अशा ठिकाणी शेजारी-शेजारी पडलेल्या दोन हाडांच्या मालकांमध्ये हजारो वर्षांचे अंतर असू शकते. म्हणूनच जवळजवळ मिळालेली हाडे एकाच प्राण्याची आहेत, असे तेथे गृहीत धरता येत नाही.

याच्या अगदी उलट चित्र चिलीतील अटाकामा वाळवंटातल्या सेरो बायेना येथे दिसते. पॅन-अमेरिकन महामार्गाच्या रुंदीकरणात तेथे ४० हून अधिक मोठ्या देवमाशांचे सांगाडे उघडे पडले, आणि त्यांतले बरेचसे अखंड असून पोट वर करून पडलेले होते. हे सांगाडे एकाच नव्हे, तर एकावर एक अशा चार वेगवेगळ्या पातळ्यांवर होते. सील आणि पाण्यात वावरणारे स्लॉथही त्यांच्याबरोबर मिळाले. समुद्रात विषारी शैवाल वारंवार माजले, त्याने प्राणी मेले आणि त्यांची शवे भरतीसपाटीवर येऊन पडली, असा निष्कर्ष संशोधकांनी २०१४ मध्ये मांडला. या निष्कर्षाचा पाया होता तो प्रत्येक सांगाड्याची दिशा, तो उताणा आहे की पालथा आणि त्याची पातळी यांची नोंद. रस्त्याच्या कामामुळे वेळ अपुरा होता, तरी त्रिमितीय स्कॅन करून ही माहिती जपली गेली, म्हणूनच हे शक्य झाले.

त्यामुळे जागेवर पोहोचताच पहिला तास हाडांना न देता कड्याला द्यावा. थर किती आहेत, गाळ वाळूचा आहे की चिखलाचा, त्यात ग्लॉकोनाइट या हिरवट खनिजाचे किंवा काळपट फॉस्फेटचे कण आहेत का, शिंपले अखंड आहेत की फुटलेले, हे वहीत उतरवावे. फॉस्फेटचे गोटे आणि झिजून गुळगुळीत झालेली हाडे एकत्र दिसली, तर गाळ संथपणे साचल्याची शक्यता प्रथम तपासावी. परवानगीबाबत एवढेच सांगतो की, पृष्ठवंशी जीवाश्मांना अनेक देशांत कायद्याचे संरक्षण आहे. अमेरिकेत संघराज्याच्या जमिनीवरून ते परवान्याशिवाय उचलता येत नाहीत आणि चिलीत १९७० च्या राष्ट्रीय स्मारक कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. जमिनीचा मालक आणि संबंधित संग्रहालय या दोघांची लेखी संमती हातात असल्याशिवाय हत्यार बाहेर काढू नये.

शोध आणि नोंद

उतारावर सुटा पडलेला तुकडा हा मूळ जागेचा पत्ता सांगत असतो. तो जेथे आहे तेथे खूण करून उताराच्या वरच्या बाजूला नागमोडी चालत जावे. तुकड्यांची संख्या वाढत जाऊन जेथे अचानक थांबते, त्याच्या जरासा वर हाडाचा थर असतो. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना चालणे केव्हाही चांगले, कारण हाडाचा पोत सावलीमुळे उठून दिसतो. संशय आला तर दहापट मोठे दाखवणारे भिंग लावावे. दगडात कण दिसतात, हाडात बारीक छिद्रांची जाळी दिसते. रंगावर मात्र भिस्त ठेवू नये. काळे हाड जुने आणि पिवळे हाड नवे असे काही नसते, कारण तो रंग गाळातल्या खनिजांचा असतो.

हाड मिळाले की ते हलवण्यापूर्वी चार गोष्टी करायच्या: मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून छायाचित्र, जीपीएस वाचन, थराच्या तळापासून मोजलेली उंची आणि हाताने काढलेले रेखाचित्र. रेखाचित्राचा अनेकांना कंटाळा येतो, पण माझ्या मते चौघांत तेच सर्वांत मोलाचे आहे. छायाचित्र डोळ्यांना दिसते तेवढेच टिपते, तर रेखाचित्र काढताना एक हाड दुसऱ्याच्या खाली गेले आहे का, सांधे जागेवर आहेत का, कोणत्या बाजूला शिंपले चिकटले आहेत, हे प्रश्न स्वतःला विचारावेच लागतात. हाडावरच्या जखमाही याच वेळी पाहाव्यात. समांतर बारीक रेघांचा चरा शार्कच्या करवती दाताचा असू शकतो. बाहेरून टाचणीएवढे आणि आत मोठ्या पोकळीत उघडणारे छिद्र असेल, तर ते ओसेडॅक्स या हाडे पोखरणाऱ्या कृमीचे असू शकते. असे छिद्र असले, तर ते हाड काही काळ समुद्रतळावर उघडे पडले होते, हे कळते.

तुटलेले टोक वाचणे

जीवाश्मस्थळी अखंड हाड क्वचितच मिळते, याचे वाईट वाटून घेऊ नये. तुटलेले टोक आतली रचना दाखवते आणि पहिली वर्गवारी तेथेच होते. जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्याच्या हातापायाच्या लांब हाडात मधोमध मज्जेची मोकळी नळी असते. देवमासे आणि सील यांच्या हाडांत अशी मोकळी नळी सहसा नसते आणि आतला सगळा भाग स्पंजासारख्या जाळीने भरलेला असतो. समुद्रगायींची बरगडी तिसऱ्याच प्रकारची असते. ती फुगीर आणि आतून-बाहेरून जवळजवळ भरीव असून तिचे वजन हातात घेताच जाणवते. उथळ पाण्यात तळाशी राहून समुद्रगवत चरणाऱ्या या प्राण्यांना हे वजन खाली राहायला उपयोगी पडत असे. हे हाड इतके टिकाऊ आहे की, बाकी काही उरले नाही तरी बरगड्यांचे तुकडे उरतात. कच्छमधील मायोसीन थरांतून भारतीसायरन, डोम्निंगिया आणि कच्छीसायरन अशा अनेक समुद्रगायींची नोंद झाली आहे. केवळ बरगडीवरून मात्र जात ठरवू नये, तिच्यावर 'समुद्रगाय' एवढेच लिहावे.

पक्ष्याचे हाड या सगळ्यांहून वेगळे दिसते, कारण त्याची भिंत पातळ आणि आतली जागा मोकळी असते. त्यातही पेलागॉर्निस या वंशातील प्रचंड समुद्रपक्ष्यांच्या हाडाची भिंत इतकी पातळ असते की, गाळाच्या दाबाने ते बहुधा चेपलेले मिळते. पेंग्विन आणि बुड्या मारणारे इतर पक्षी मात्र नियम मोडतात. पाण्यात वर ढकलले जाऊ नये म्हणून त्यांच्या हाडांची भिंत जाड झालेली असते, आणि नवखा अभ्यासक ते हाड हमखास सस्तन प्राण्यांच्या खोक्यात टाकतो. तुटलेल्या टोकाला जाड भिंत व मधे अरुंद पोकळी दिसली, आणि शिवाय हाड चपटे असले, तर ते पक्ष्याचे आहे का, हा प्रश्न आधी विचारावा.

देवमाशाचा कान

एकच हाड ओळखायला शिकायचे असेल, तर ते देवमाशाच्या मध्यकर्णाभोवतीचे कवच असावे, असे मी आग्रहाने म्हणेन. त्याला टिंपॅनिक बुला म्हणतात. ते हातात घेतले तर प्रथम आठवते ती कवडी. एका बाजूला गोल, जाड, गुळगुळीत आणि आतल्या बाजूला वळलेला ओठ असतो, समोर पातळ, ठिसूळ भिंत असते आणि दोहोंमध्ये लांबट फट असते. पातळ भिंत बहुतेक वेळा तुटून गेलेली असते आणि हाती लागतो तो फक्त जाड ओठ. डॉल्फिनमध्ये तो बोटाच्या दोन पेरांएवढा, तर मोठ्या बलीन देवमाशात (दातांऐवजी गाळणीसारख्या पट्ट्या असणाऱ्या) मुठीएवढा किंवा त्याहून मोठा असतो. नखाने टिचकी मारली तर चिनीमातीसारखा आवाज येतो, इतके हे हाड घट्ट असते. त्याच्या जोडीला अंतर्कर्ण सामावणारे पेरिऑटिक नावाचे खडबडीत हाड असते. त्यावरची छिद्रे आणि उंचवटे जातीजातींत वेगळे असल्याने तज्ज्ञ त्याच्यावरूनच वंशापर्यंत पोहोचतात.

ही हाडे इतक्या संख्येने का मिळतात, यालाही कारण आहे. बहुतेक देवमाशांत ती कवटीला घट्ट सांधलेली नसतात, त्यामुळे शव कुजू लागले की ती सुटून गाळात पडतात आणि घनतेमुळे टिकून राहतात. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने पॅसिफिकच्या खोल तळावरची तांबडी माती उपसली, तेव्हा तिच्यातून शार्कचे दात आणि देवमाशांच्या कानांची हाडे मोठ्या संख्येने वर आली, तर उरलेले सांगाडे जवळजवळ विरून गेलेले होते. शार्कचा दात शोधायला वाकणाऱ्या प्रत्येकाने त्याच ठिकाणी हे हाड पाहण्याची सवय डोळ्यांना लावून घ्यावी.

दात, मणके आणि वल्ही

दातांच्या बाबतीत मुळे पाहावीत. आजच्या डॉल्फिनचे दात एकमुळी आणि साध्या सुळक्यासारखे असतात, तर इओसीन काळातील (सुमारे ५ कोटी ६० लाख ते ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या) देवमाशांच्या दाढा दुमुळी असून त्यांच्या कडांवर दाते असतात. मुळांचे महत्त्व सांगणारे उदाहरण अभ्यासाच्या इतिहासातच आहे. अमेरिकेतील रिचर्ड हार्लन यांनी १८३४ मध्ये एका महाकाय मणक्यावरून 'बॅसिलोसॉरस' हे नाव दिले, कारण तो सागरी सरीसृप असावा असे त्यांना वाटले. १८३९ मध्ये लंडनला रिचर्ड ओवेन यांनी त्याचे दात तपासले, दुमुळी दात पाहिले आणि हा सस्तन प्राणी आहे हे दाखवून दिले. नामकरणाच्या नियमामुळे 'सॉरस' हे सरड्याचे नाव मात्र त्याला कायमचे चिकटले.

मणका कितीही मोठा असला तरी ओळखीसाठी तो तुलनेने मुका असतो. माशाचा मणका दोन्ही बाजूंनी वाटीसारखा खोलगट असतो, तर देवमाशाचा जवळजवळ सपाट असतो, एवढा फरक पहिल्यांदा पाहावा. देवमाशाच्या मणक्याच्या टोकांवर मध्याकडून कडेकडे गेलेल्या खाचा दिसत असतील, तर टोकाची चकती सुटून गेली आहे आणि तो प्राणी पूर्ण वाढलेला नव्हता, हे समजते. मोठे मणके उचलून निघून जाणे ही मात्र चूक ठरते. इजिप्तमधील वादी अल-हितान येथे बॅसिलोसॉरसचे मागचे पाय मिळाले आणि त्यांचे वर्णन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, ते मणक्यांच्या ओळीच्या मागच्या भागात बारकाईने शोध घेतल्यामुळेच. सुमारे १५ मीटर किंवा त्याहून लांब अशा देहाला ते पाय अगदीच इवलेसे होते, पण त्यांत गुडघा, घोटा आणि बोटे होती.

देवमाशाच्या वल्ह्यातील, म्हणजे पोहण्यासाठी बदललेल्या पुढच्या पायातील, बोटांची हाडे दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये निमुळती असतात, आणि एका बोटात ती तीनपेक्षा जास्त असू शकतात. सीलच्या मांडीचे हाड आखूड, रुंद आणि पुढून-मागून चपटे असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते मोडून अर्धे झालेले वाटते, पण दोन्ही टोकांचे सांधे शाबूत दिसले की ते तेवढेच आहे हे कळते. दंडाच्या हाडावर स्नायूंसाठी उंच कणा असेल, तर सील किंवा समुद्रसिंह यांचा विचार करावा.

समुद्रपक्षी

पक्ष्यांसाठी तीन हाडांवर लक्ष ठेवावे: दंडाचे हाड, खांद्याजवळचे कोरॅकॉइड आणि पायाचे टार्सोमेटाटार्सस. जगातल्या जीवाश्म पेंग्विनांपैकी पहिले वर्णन टी. एच. हक्सली यांनी १८५९ मध्ये केले, ते न्यूझीलंडमध्ये मिळालेल्या एकाच अपूर्ण टार्सोमेटाटार्ससवरून. त्याआधी दोन वर्षे, १८५७ मध्ये, एदुआर लार्ते यांनी फ्रान्समधील एका दंडाच्या हाडावरून पेलागॉर्निस हे नाव दिले होते. पक्ष्याचे एखादेच हाडसुद्धा किती बोलते, हे यावरून लक्षात यावे.

पेंग्विनचे टार्सोमेटाटार्सस आखूड आणि रुंद असते. ज्या तीन हाडांपासून ते बनते त्यांच्यामधल्या खाचा स्पष्ट दिसतात, तर इतर बहुतेक पक्ष्यांत ते लांब आणि एकजीव असते. पेंग्विनच्या दंडाचे हाड फळीसारखे चपटे असते, कारण त्याचा पंख हवेत उडण्याऐवजी पाण्यात वल्हवण्यासाठी वापरला जातो. उत्तर गोलार्धातील ऑक पक्षीही पंखांनीच पोहतात, म्हणून त्यांचेही हे हाड चपटे झालेले असते, परंतु पेंग्विनइतके नाही. कॅलिफोर्नियाच्या किनारी थरांत मिळणारा मॅन्काला हा ऑक तर उडणे पूर्णपणे विसरला होता आणि त्याचे पंख पेंग्विनच्या वल्ह्यासारखे दिसू लागले होते. त्यामुळे स्थळ कोणत्या गोलार्धात आहे, हेही ओळखीच्या वेळी ध्यानात ठेवावे. दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ बाहेरच्या बाजूला काट्यासारखा उभार असेल, तर शिअरवॉटर हा समुद्रपक्षी आणि त्याचे नातेवाईक यांच्याशी तुलना करावी. पायाने पाणी मारणाऱ्या लूनसारख्या पक्ष्यांत नडगीच्या वरच्या टोकाला गुडघ्याच्याही वर गेलेला लांब कंगोरा असतो.

जबड्याचा तुकडा मिळाला आणि त्यावर एक मोठा, मध्ये काही लहान, पुन्हा एक मोठा असे सुळके असले, तर तो मासा समजून बाजूला टाकू नये. पेलागॉर्निसचे हे सुळके खरे दात नसतात. त्यांना दंतवल्क नसते, खोबणीत रोवलेले मूळ नसते, जबड्याचे हाडच तेथे पोकळ होऊन वर आलेले असते. तुटलेल्या सुळक्याची पोकळी जबड्याच्या पोकळीकडे उघडते का, हे भिंगाने पाहिले की शंका राहत नाही. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन विमानतळाच्या बांधकामात १९८३ मध्ये मिळालेल्या आणि २०१४ मध्ये वर्णन झालेल्या पेलागॉर्निस सँडर्सी या पक्ष्याच्या पंखांचा पसारा ६ ते ७ मीटरच्या घरात होता. एवढ्या पक्ष्याची हाडेसुद्धा कागदासारखी नाजूक असतात, हे लक्षात घेऊनच त्यांना हात लावावा.

काढणे आणि स्वच्छ करणे

भेगाळलेल्या कोरड्या हाडावर अॅसिटोनमध्ये विरघळवलेले पॅरालॉइड बी-७२ हे राळद्रव्य ५ ते १० टक्के प्रमाणात थेंबाथेंबाने सोडावे. हाड ओले असताना ते लावले तर पृष्ठभाग पांढुरका पडतो, म्हणून आधी सावलीत वाळू द्यावे. मोठ्या हाडाभोवती चर खणून ते मातीच्या ओट्यावर उभे ठेवावे, त्यावर ओल्या पातळ कागदाचे थर द्यावेत आणि मग प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळाव्यात. कागदाचा थर विसरला तर प्लास्टर हाडाला चिकटते आणि काढताना हाडाची सालच निघते.

खोदलेला गाळ फेकून देऊ नये. तो वाळवून पाण्यात भिजवावा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवावा. पक्ष्यांची बोटे, लहान डॉल्फिनचे दात आणि कानातली सुटी हाडे येथेच मिळतात. चाळणीतला उरलेला माल पांढऱ्या ताटलीत पसरून थोडा-थोडा निवडावा, आणि ते काम थकलेल्या डोळ्यांनी रात्री करू नये.

समुद्रकाठच्या जीवाश्मांत मीठ मुरलेले असते. ते वाळताना स्फटिक बनून हाड फोडते, म्हणून घट्ट हाडे गोड्या पाण्यात ठेवून ते पाणी अनेक दिवस बदलत राहावे. मात्र हाडात पितळी चमकीचे पायराइट दिसले, तर त्याला पाण्यात मुळीच घालू नये. पायराइट दमटपणात कुजते आणि आम्ल तयार करून हाड खाऊन टाकते. असे नमुने ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डब्यात कोरडे ठेवावेत.

चिठ्ठी

ओळख जेवढी पटली तेवढीच लिहावी. 'पक्षी, दंडाचे हाड, वरचे टोक' ही नोंद खात्री नसताना लिहिलेल्या जातीच्या नावापेक्षा अधिक उपयोगाची असते, कारण चुकीचे नाव पुढच्या अभ्यासकाला योग्य खोक्याकडे वळूच देत नाही. प्रत्येक नमुन्याबरोबर स्थळ, थर, उंची, दिनांक आणि नोंदवहीचे पान लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि तोच क्रमांक हाडाच्या कमी महत्त्वाच्या बाजूला शाईने लिहावा. नमुना नोंदणीकृत संग्रहालयात जमा करावा, कारण खाजगी कपाटातल्या हाडावर आधारलेले वर्णन इतरांना पडताळता येत नाही.

जम्मू-काश्मीरमधील कालाकोट परिसरातून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवलेले खडक त्यांच्या निधनानंतरही जपून ठेवलेले होते. पुढे ते देवमाशांच्या उत्क्रांतीचे अभ्यासक हान्स थेविसन यांच्या हाती आले. त्यांतली एक कवटी साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून फुटली, आणि आत कानाच्या हाडाचा तोच कवडीसारखा जाड ओठ दिसला. तो इंडोहायस होता, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, बारीक पायांचा, खूर असलेला लहानसा प्राणी. २००७ मध्ये त्याची ओळख देवमाशांचा सर्वांत जवळचा ज्ञात आप्त म्हणून जाहीर झाली.